सॉलफर्डच्या धक्क्यावरील उमेदवारी

इंग्लंडच्या वायव्येस वसलेले मँचेस्टर शहर समुद्रकाठी नाही. तरीही एके काळी त्याला स्वतःचे बंदर होते. लिव्हरपूल बंदराचे कर आणि रेल्वेचे भाडे यांना कंटाळलेल्या मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी व गिरणीमालकांनी समुद्राकडे नेणारा ५८ किलोमीटर लांबीचा कालवा खोदवून घेतला. १८९४ साली तो जलवाहतुकीस खुला झाला आणि मालाने भरलेल्या आगबोटी शहराच्या दारात येऊ लागल्या. ज्या मुख्य धक्क्यांवर त्या नांगर टाकीत, ते धक्के शेजारच्या सॉलफर्डच्या हद्दीत होते. पुढे जहाजांचा आकार वाढला, माल मोठ्या लोखंडी पेट्यांतून येऊ लागला, कालवा अपुरा पडला, गिरण्या मंदावल्या, आणि १९८२ साली हे बंदर बंद झाले. आज त्याच पाण्याकाठी काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतून बाहेर पडणारा माल तागडीत घालता येत नाही. बातम्या, खेळांचे वृत्तांत, मुलांचे कार्यक्रम आणि मालिका हा तो माल. या वसाहतीचे नाव मीडियासिटी.

मँचेस्टर शहराच्या मध्यभागी रॉयल एक्स्चेंजची भव्य इमारत आहे. जगभरच्या कापसाचे आणि सुताचे सौदे येथे होत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला, तेव्हा याच परिसरातील गिरण्यांनी मुंबईच्या कापसाकडे धाव घेतली. त्या तेजीने मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी शिखरावर पोहोचले, आणि युद्ध संपताच आलेल्या मंदीने कित्येकांची धूळधाण केली, हा इतिहास आपल्या वाचकांना नवा नाही. मँचेस्टरच्या या बाजारातील सौदे १९६८ साली कायमचे थांबले. आता तेथे नाट्यगृह आहे. परंतु शेवटच्या दिवसाचे भाव दाखवणारा फलक वर तसाच ठेवलेला आहे. चाळीस वर्षे आकड्यांत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या फलकाखालून लवकर निघवेना. धंदा कितीही मोठा असला, तरी एखादा दिवस त्याच्या शेवटच्या भावाचा असतो. त्यानंतर गाव टिकते ते नवा धंदा शिकल्यामुळे. मँचेस्टर-सॉलफर्डने तो कसा शिकला आणि आज पुढच्या पिढीला ते कसा शिकवते, हे पाहण्यासाठीच मी गेलो होतो.

माझे जाणे प्रवासाच्या हौसेने कमी आणि एका जबाबदारीमुळे अधिक झाले. माझी थोरली बहीण, आमची अक्का, सांगलीस असते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, गेली पंचवीस वर्षे मँचेस्टरला आहे. जावईबापूंचा तेथे पॅकिंगच्या सामानाचा घाऊक व्यापार आहे. भाचीची मुलगी बारावीनंतर नेहमीच्या मार्गाने विद्यापीठात गेली नाही. मीडियासिटीतील एका प्रसारण कंपनीत ती 'डिग्री अप्रेंटिस' म्हणून लागली. नोकरीही करायची आणि व्यवसाय व्यवस्थापनाची पदवीही घ्यायची, असा तो क्रम. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा झाला आहे आणि त्याच्यापुढे तीन दारे उघडी आहेत : वडिलांचे दुकान, विद्यापीठ, किंवा बहिणीसारखी उमेदवारी. घरात एकमत होईना. तेव्हा अक्काने मला फोन केला आणि म्हणाली, "जन्मभर तू बँकेच्या शाखा तपासल्यास. आता जाणारच आहेस, तर ही एक तपासणी करून ये. पोरगी शिकते आहे की राबते आहे, ते मला नीट सांग."

अक्काच्या शंकेला कारण होते. 'अप्रेंटिस' हा शब्द आपल्याकडे कारखान्याच्या फाटकाशी जोडला गेला आहे. हुशार मूल महाविद्यालयात जाते आणि ज्याला ते जमत नाही ते अप्रेंटिस होते, अशी आपली समजूत. नात्यातील एका गृहस्थांनी तर भाचीला स्पष्टच विचारले होते, "पुढे स्थळांसाठी बायोडाटा करताना शिक्षणाच्या रकान्यात काय लिहिणार?" वास्तविक मराठीत या अवस्थेला 'उमेदवारी' असा सुंदर शब्द आहे. उमेद बाळगून जो दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकतो तो उमेदवार. निवडणुकांनी हा शब्द पळवला, एवढेच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत पेढीवर उमेदवारी केल्यावाचून कोणी गादीवर बसत नसे.

इंग्लंडमध्ये उमेदवारीचा इतिहास जुना आहे. १५६३ सालच्या कायद्याने कारागिरीच्या धंद्यांत सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ती सक्ती १८१४ साली उठली. करार एकाच कागदावर दोनदा लिहीत आणि मधोमध करवतीच्या दातांसारखी वेडीवाकडी रेघ कापून त्याचे दोन भाग करीत. एक मालकाकडे, एक मुलाच्या बापाकडे. तंटा झाल्यास दोन्ही कडा जुळवून पाहत. पुष्कळदा मुलाला काम शिकवण्याबद्दल बापच मालकाला ठरावीक रक्कम देई.

आजची पदवी-उमेदवारी ही २०१५ साली सुरू झालेली योजना आहे आणि तिच्यात पैशाचा प्रवाह उलट दिशेने वाहतो. शिकणाऱ्याला पगार मिळतो आणि विद्यापीठाचे शुल्क त्याला भरावे लागत नाही. हा पैसा येतो कोठून, हा प्रश्न बँकेच्या माणसाला आधी पडतो. एप्रिल २०१७ पासून तेथील ज्या कंपन्यांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांहून अधिक आहे, त्यांच्याकडून ०.५ टक्के दराने उमेदवारीचा आकार घेतला जातो. तो त्या कंपनीच्या नावे जमा राहतो आणि उमेदवारांच्या शिक्षणावर खर्च करता येतो. ठरावीक मुदतीत खर्च केला नाही, तर तो हातचा जातो. पैसा बुडू द्यायचा की त्यातून माणूस घडवायचा, असा व्यवहारी प्रश्न व्यापाऱ्यापुढे ठेवला की उत्तर कोणते येणार हे सांगायला नको.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मी मांडून पाहिला. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला २०२४-२५ पर्यंत वर्षाला ९,२५० पौंडांपर्यंत शुल्क पडे. तीन वर्षांचे झाले २७,७५०. राहण्याजेवण्याचा खर्च त्याहून निराळा. बहुतेक मुले त्यासाठी सरकारी कर्ज घेतात. मिळकत ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की वरच्या रकमेच्या ९ टक्के कापून परतफेड सुरू होते, आणि २०२३ च्या ऑगस्टनंतर शिक्षण सुरू करणाऱ्यांच्या बाबतीत ती ४० वर्षांपर्यंत चालू शकते. आमच्या नातीच्या खात्यात याच काळात दर महिन्याला पगार जमा झाला.

मीडियासिटीला ट्राम थेट जाते. उतरताच मोठे फरसबंद पटांगण लागते आणि पाण्यावरून येणारा वारा अंगावर येतो. पटांगणाच्या कडेने बी.बी.सी.च्या इमारती आहेत. २०११ पासून तिचे अनेक विभाग लंडनहून येथे आले. जवळच सॉलफर्ड विद्यापीठाचे संकुल आहे, भाड्याने मिळणारे स्टुडिओ आहेत. कालव्यावरचा फिरता पादचारी पूल ओलांडला की पलीकडे आय.टी.व्ही.चा परिसर. १९६० पासून चालू असलेल्या 'कोरोनेशन स्ट्रीट' या मालिकेची खोटी गल्ली तेथे उभारलेली आहे. पूर्वी गोदीकामगारांची वर्दळ असलेल्या या जागेत आता गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले-मुली कॉफीचे पेले घेऊन लगबगीने जात होती. त्यांतीलच एक आमची नात. "मामाआजोबा!" अशी हाक आली. शब्द मराठी, उच्चार तिकडचा.

पाहुण्याचा बिल्ला लावून तिने मला कार्यालय दाखवले. कॅमेरे, दिवे आणि प्रसिद्ध चेहरे यांचीच मला अपेक्षा होती. दिसली ती टेबले, संगणक आणि आकड्यांचे तक्ते. तिने समजावून सांगितले, की पडद्यावर दिसणाऱ्या एका माणसामागे न दिसणारी कितीतरी माणसे असतात आणि त्यांतली पुष्कळशी हिशेब, करार, वेळापत्रक व खरेदी सांभाळतात. पहिल्या वर्षी ती लेखाविभागात होती, दुसऱ्या वर्षी कार्यक्रमनिर्मितीच्या अंदाजपत्रकावर, आणि आता हक्कांच्या करारांवर आहे. एखाद्या माहितीपटात जुन्या चित्रफितीचा अर्धा मिनिटाचा तुकडा वापरायचा, तर तो कोणाच्या मालकीचा, किती देशांत दाखवायचा, किती वर्षे दाखवायचा, यावर त्याची किंमत ठरते. जमिनीच्या सातबाऱ्याइतकीच ही भानगड किचकट आहे, असे मला वाटले.

या धंद्याची एक गोष्ट तिने फार चांगली सांगितली. एकाच व्यवसायात कमाईच्या किती निरनिराळ्या रीती आहेत, पाहा. बी.बी.सी. तेथे जाहिराती दाखवत नाही. ती घरोघरच्या परवाना शुल्कावर चालते. आय.टी.व्ही. जाहिरातींवर चालते. १९८२ साली सुरू झालेली चॅनेल फोर सार्वजनिक मालकीची असूनही जाहिरातींवर जगते आणि कार्यक्रम मुख्यतः बाहेरच्या निर्मात्यांकडून घेत आली आहे. चौथी रीत वर्गणीची. जाहिरातदाराला विकली जाते ती प्रेक्षकांची नजर, आणि ती मोजण्यासाठी १९८१ पासून 'बार्ब' नावाची संस्था काही हजार निवडक घरांत कोण काय पाहते याची नोंद ठेवते. "रात्री नऊच्या बातम्यांआधीचे तीस सेकंद आज विकले गेले नाहीत, तर उद्या ते विकता येत नाहीत," ती म्हणाली. मी तिला म्हटले, "मग ही तर भाजीमंडई झाली. संध्याकाळी उरलेली कोथिंबीर." ती हसली आणि तिने ते टिपून घेतले.

ज्या जागेत आम्ही बोलत होतो, त्या जागेपासून थोड्याच अंतरावर, कालव्यापलीकडे, ट्रॅफर्ड पार्क ही जुनी औद्योगिक वसाहत आहे. तेथील मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या विजेच्या यंत्रांच्या कारखान्यातून १५ नोव्हेंबर १९२२ रोजी मँचेस्टरचे पहिले रेडिओ केंद्र बोलू लागले. त्या वेळी बी.बी.सी. ही महामंडळ नव्हती, ती कंपनी होती. आणि ती काढली होती रेडिओ संच तयार करणाऱ्या कारखानदारांनी. ऐकायला काही असल्याशिवाय लोक संच विकत घेणार नाहीत, एवढा साधा व्यापारी विचार त्यामागे होता. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचे संशोधनप्रमुख ए. पी. एम. फ्लेमिंग यांचा या केंद्रामागे पुढाकार होता, आणि तरुण उमेदवारांना पद्धतशीर प्रशिक्षण देण्याच्या कामासाठीही तेच प्रसिद्ध होते. बी.बी.सी.चे पहिले सरव्यवस्थापक जॉन रीथ यांनीसुद्धा ग्लासगोच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. १९२२ च्या डिसेंबरात त्यांची निवड झाली तेव्हा प्रसारण म्हणजे काय याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. ते त्यांनीच पुढे सांगितले. १ जानेवारी १९२७ पासून राजसनदेने कंपनीचे महामंडळ झाले आणि तेही रीथ यांच्याच हाताखाली. माणसाला धंदा ठाऊक नसला तरी काम शिकण्याची शिस्त ठाऊक असेल, तर तो नवा धंदाही उभा करतो.

या धंद्यात हिशेबाच्या माणसाचे मोल काय, हे आपल्याकडच्या अनुभवावरूनही कळते. त्याच १९२७ साली, २३ जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. यंत्रे होती, कलावंत होते, ऐकणारेही होते; पण त्यांच्या परवाना शुल्कातून खर्च निघेना. १९३० मध्ये कंपनी गुंडाळावी लागली आणि सरकारला प्रसारण आपल्याकडे घ्यावे लागले. आवाज हवेतून गेला तरी खर्च वहीतच उतरतो.

आता अक्काच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो : शिकते की राबते? यासाठी मी तिचे कागद पाहायला मागितले. जुनी सवय. करार तिघांमध्ये आहे : कंपनी, विद्यापीठ आणि ती. कोणते कौशल्य केव्हा यायला हवे याची यादी त्याला जोडलेली आहे. कामाच्या तासांपैकी किमान २० टक्के वेळ शिक्षणासाठी राखून ठेवावा, असा नियम योजनेच्या आरंभीच्या काळात होता. पुढे मोजण्याची रीत बदलली, पण शिक्षणाचे तास पगारी वेळेतलेच असले पाहिजेत हे तत्त्व कायम आहे. तिच्या बाबतीत चार दिवस काम आणि एक दिवस अभ्यास, अशी वाटणी आहे. दर काही आठवड्यांनी तिचे वरिष्ठ, विद्यापीठाचे मार्गदर्शक आणि ती असे तिघे बसून प्रगती तपासतात. शेवटी तिला केलेल्या कामाचे पुरावे सादर करावे लागतील, एक प्रकल्प मांडावा लागेल आणि तोंडी प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतील. हे पार पडले की पदवी मिळते आणि 'चार्टर्ड मॅनेजर' होण्याचा मार्गही मोकळा होतो.

या बैठकांचा उपयोग काय, असे मी विचारले. ती म्हणाली, की पहिल्या वर्षी सलग सहा आठवडे तिला केवळ बिले नोंदवण्याचे काम मिळाले. बैठकीत तिने ते सांगितले. मार्गदर्शकांनी यादीवर बोट ठेवून वरिष्ठांना शांतपणे विचारले, की यातले कोणते कौशल्य या कामातून येणार आहे? पुढच्या सोमवारपासून काम बदलले. "कोणी रागावले नाही?" मी विचारले. "रागावले असतील, मामाआजोबा, पण कागदावर लिहिलेले होते ना."

तिच्या एका प्रकल्पाची हकीकत सांगतो. चित्रीकरणासाठी भाड्याने आणलेले सामान शुक्रवारी मोकळे होई. परत जाई मात्र मंगळवारी. तेवढ्या दिवसांचे भाडे पडे. हे तिच्या लक्षात आले ते बिले नोंदवताना. म्हणजे ते सहा आठवडे अगदीच वाया गेले नव्हते. शुक्रवारी रात्रीच सामान परत पाठवावे, असा तिने प्रस्ताव लिहिला आणि बचतीचा आकडा मोठ्या अक्षरांत मांडला. विद्यापीठातील शिक्षकांनी आकडा पाहिला आणि विचारले, "गाडी चालवणाऱ्याशी बोललीस?" ती बोलली नव्हती. गेली, तेव्हा कळले की शुक्रवारी संध्याकाळी त्याला मुलाला शाळेच्या खेळाच्या सरावावरून आणायचे असते आणि त्या वेळच्या जादा कामाला जादा मजुरी द्यावी लागेल. प्रस्ताव बदलला. सामान शनिवारी सकाळी, दुसऱ्या माणसाकडून, ठरलेल्या जादा मजुरीसह जाऊ लागले. बचत पहिल्या आकड्याच्या निम्म्यावर आली, पण व्यवस्था आजतागायत टिकून आहे. एम.कॉम.ला मी किफायतीवर पानेच्या पाने लिहिली. त्यांत गाडीवानाचा मुलगा कोठेच नव्हता.

तपासनिसाने उणे बाजूही लिहावी लागते. या जागा थोड्या असतात आणि अर्ज फार. संगणकावरच्या चाचण्या, गटचर्चा, मुलाखती असे अनेक टप्पे पार करावे लागतात. ज्या कंपनीत जागा मिळते, तिच्याशी पुढची काही वर्षे बांधली जातात. विद्यापीठात गेलेल्या तिच्या मैत्रिणी उन्हाळ्यात दोन-तीन महिने मोकळ्या असतात. हिला वर्षाची ठरलेली रजा. निबंध लिहिण्यात कित्येक रविवार जातात. वसतिगृहाचे मोकळे आयुष्य, विषय बदलून पाहण्याची मुभा, नुसत्या जिज्ञासेने ग्रंथालयात घालवलेली दुपार, हे तिच्या वाट्याला आले नाही. काहींना हा दुहेरी भार झेपत नाही आणि ते मध्येच सोडतात. अठराव्या वर्षी ज्याला आपला कल कळलेला नाही, त्याने हा मार्ग केवळ पगारासाठी धरू नये.

परत आल्यावर मी अक्काला सगळे सांगितले. येथे तिच्याविषयी थोडे सांगायला हवे. सांगलीच्या गणपती पेठेत आमच्या वडिलांची हळद-गुळाची अडत होती. पेढीवर दोन उमेदवार असत. पहाटे झाडलोट, मग तोलाईच्या नोंदी, दुपारी दिवाणजींच्या शेजारी बसून खतावणी, आणि दोन-चार वर्षांनी कोठे सौद्याला सोबत जाण्याची परवानगी. रात्री रोकड जुळली नाही, तर वडील कीर्द घरी आणीत आणि अक्कापुढे ठेवीत. कंदिलाच्या उजेडात ती पाने उलटी, बोटांवर काही पुटपुटे आणि नेमकी चूक काढी. हातचा विसरलेला, अंक उलटा पडलेला, हुंडणावळ दोनदा लिहिलेली. वडील म्हणत, "पोर दिवाणजींच्या वरताण आहे." परंतु पेढीचा उंबरठा तिने कधी कामासाठी ओलांडला नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न झाले. तिने काय येते ते कोणत्या कागदावर लिहून ठेवलेले नव्हते, आणि तिने जुळवलेल्या रोकडीची मजुरी कोणत्या खात्यात पडली नाही.

मी करार, तास, बैठका, पदवी असे सारे तिला क्रमाने सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी दोनच प्रश्न विचारले : "पगार तिच्याच नावावर पडतो ना? आणि जे शिकली ते तिच्या नावानं कागदावर असतं ना?" दोन्हींना मी हो म्हटले. "मग शिकते आहे," अक्का म्हणाली आणि तिने विषय बदलला.

जावईबापूंची बाजूही खोटी नव्हती. "मी दुकानात त्याला हेच सगळे शिकवीन, शिवाय मालकीचे शिकवीन," असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना चार प्रश्न लिहून दिले. मुलाला कोण शिकवणार, ठरावीक वेळ काढून? काय आणि कोणत्या मुदतीत शिकवणार? तो शिकला की नाही हे घराबाहेरचा कोण तपासणार? आणि उद्या त्याने दुकान सोडले, तर त्याच्या हाती काय राहणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी ताबडतोब दिली. तिसऱ्याशी ते थांबले. मुलाने विद्यापीठ आणि उमेदवारी या दोन्हींसाठी अर्ज केले आहेत. दुकानात तो शनिवारी जातो, आणि आता त्याच्या शनिवारच्या कामाची मजुरी त्याच्या खात्यात जमा होते, असे भाचीने नुकतेच कळवले.

हा मार्ग आपल्याला अगदीच अपरिचित नाही. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२० साली उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सनदी लेखापाल होऊ पाहणारी आपली कितीतरी मुले-मुली आर्टिकलशिप करतात. ती तर उमेदवारीच आहे, आणि तिला कोणी कमीपणा मानत नाही. फक्त तेवढा मान दुसऱ्या कामांना द्यायला आपण अजून शिकायचे आहे.

आपल्या व्यापारी घराण्यांना काम शिकवण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. जे राहून गेले, ते कागदाचे आहे. दुकानात येणाऱ्या मुलाला, मुलीला, सुनेला किंवा बाहेरच्या होतकरू तरुणाला आपण पहिल्या दिवशी एक पान लिहून देऊ शकतो : काय शिकवू, किती दिवसांत, दरमहा काय देऊ, आठवड्यातला कोणता वेळ तुझ्या अभ्यासाचा. सहा महिन्यांनी आपल्या ओळखीच्या एखाद्या हिशेबतपासनिसाला किंवा निवृत्त शिक्षकाला बोलावून त्याची परीक्षा घेऊ शकतो. या गोष्टीला कोणताही कायदा लागत नाही, आकार भरावा लागत नाही, आणि सॉलफर्डपर्यंत जावेही लागत नाही. दिवाळीच्या वहीपूजनाला आपण नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभचिन्ह काढतो. यंदा दुसऱ्या पानावर आपल्याकडे शिकणाऱ्याचे नाव लिहावे आणि त्यापुढे त्याचा पहिला पगार मांडावा.